रॉट आयर्नचे गेट आणि अंगणातली धाव



मागच्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. पत्र चार ओळींचे, पण मला त्याने साकीनाक्यापर्यंत पळवले. त्या लिहितात, "गुरुजी, आम्ही नवे घर बांधले. थोरला मुलगा म्हणतो, कुंपणाला मुंबईहून रॉट आयर्नचे गेट आणू. साकीनाक्याला ते करतात, त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. गेट देखणे आहे, पण किंमत भारी. मुलगा म्हणतो, सासऱ्यांची जुनी बैलगाडी, जुन्या वाड्याच्या दरवाज्याच्या कड्या, साखळ्या, गज, सगळे भंगारात देऊन टाकू, गेटाला तेवढाच हातभार. माझे मन होत नाही. पण मन होत नाही हे काही कारण नव्हे, असे मुलगा म्हणतो. तर गुरुजी, रॉट आयर्न म्हणजे काय, आणि ते खरेच इतके चांगले असते का, ते लिहा."

ताईंचा मुलगा खोटे बोलत नाही. मन होत नाही एवढ्यावर संसार चालत नाही. म्हणून म्हटले, आधी माहिती घ्यावी, मग उत्तर द्यावे.

आमच्या गावच्या लोहाराचा मुलगा साकीनाक्याला एका गाळ्यात काम करतो. माझा जुना विद्यार्थी. लहानपणी शाळा सुटली की बापाचा भाता ओढायला बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर काजळीची बोटे उमटवायचा. त्याला फोन केला. म्हणाला, "या गुरुजी, डोळ्यांनीच बघा." ताईंना कळवले, वाड्याच्या दरवाज्याची एक तुटकी साखळी तेवढी पाठवून द्या. साखळी आली. ती पिशवीत घातली आणि निघालो.

ज्यांनी साकीनाका पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंधेरी आणि कुर्ला यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचा हा नाका. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून तिचे एक स्टेशन इथे आहे, त्यामुळे घाटकोपरला उतरून जाणे सोपे झाले आहे. स्टेशनाखाली उतरले की माणसांचा आणि गाड्यांचा पूर. पण खैरानी रोडकडे वळले, की वेगळाच आवाज कानावर येतो. लहान लहान गाळे एकाला एक लागून. कुठे लेथ फिरतो आहे, कुठे ग्राइंडर किंचाळतो आहे, कुठे वेल्डिंगचा निळा उजेड लखलखतो आहे. एका बाजूला भंगाराचे ढीग, दुसऱ्या बाजूला नव्या पट्ट्या, सळया, अँगल आणि पाइप. कालचे भंगार एका दारातून आत जाते आणि नवा माल दुसऱ्या दारातून बाहेर पडतो. आपल्याकडे गुऱ्हाळाच्या दिवसांत जशी सगळी वाडी एका कामाला लागलेली असते, तसा हा सगळा भाग बारा महिने कामाला लागलेला.

गाळ्यात पोचलो तर दाराशी तेच गेट उभे. मोबाइलवरच्या फोटोतले. वेलबुट्टी, टोकाला भाले, मधोमध दोन मोर, वर काळा रंग आणि कडांना सोनेरी हात. देखणे, यात वाद नाही.

मी विचारले, "हे रॉट आयर्न का रे?"

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, गिऱ्हाईक तसेच म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. खरे सांगायचे तर हे एम. एस. आहे. माइल्ड स्टील. मऊ पोलाद. खिडकीच्या ग्रिलला जे लागते तेच."

"मग रॉट आयर्न कुठे आहे?"

"ते आता मिळत नाही. मी तर नव्या मालात कधी बघितलेले नाही. बाबांच्या हाताखाली जुन्या गाड्यांचे काम करताना थोडे हाताळले असेल, तेवढेच."

मंडळी, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. रॉट हा शब्द इंग्रजीत जुना आहे, आणि त्याचा अर्थ घडवलेले, हाताने काम केलेले. रॉट आयर्न म्हणजे घडीव लोखंड. आज बाजारात त्या नावाने जे गेट, जे पलंग, जे झोपाळे मिळतात, ते बहुतेक सगळे मऊ पोलादाच्या पट्ट्या आणि सळया यंत्रावर थंडच वाकवून, वेल्डिंगने जोडून केलेले असतात. आता मऊ पोलाद वाईट आहे का? मुळीच नाही. मजबूत आहे, स्वस्त आहे, सगळ्या देशाचे बांधकाम त्यावर उभे आहे. पण नाव एकाचे आणि माल दुसऱ्याचा, आणि नावाचे पैसे वेगळे मोजायचे, हे कष्टाच्या पैशाला परवडणारे नाही.

आता लोखंडाच्या जाती समजून घेऊ. घरात तिन्ही सापडतील.

पहिले बीड, म्हणजे ओतीव लोखंड. यात कोळशाचा अंश, ज्याला कार्बन म्हणतात, तो शेकडा २ ते ४ असतो. हे लवकर वितळते, म्हणून साच्यात ओतून हवा तो आकार देता येतो. बिडाचा तवा, जुन्या शिवणयंत्राचे पाय, पाण्याच्या पंपाचे अंग, ही बिडाची कामे. बीड भार झेलते, पण घाव झेलत नाही. तवा हातातून फरशीवर पडला की दोन तुकडे होतात ते म्हणूनच. बीड ऐरणीवर घडवता येत नाही.

दुसरे पोलाद. यात कार्बन बिडापेक्षा पुष्कळ कमी. अगदी थोडा असला की ते मऊ पोलाद, सळया-पट्ट्यांचे. शेकडा अर्ध्याच्या वर गेला की कडक पोलाद. कडक पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की आणखी कडक होते. विळ्याला, कुऱ्हाडीला लोहार पाणी देतो ते हेच. धार टिकते ती पोलादाची.

तिसरे घडीव लोखंड. यात कार्बन जवळजवळ नसतोच, शेकडा ०.१ हूनही कमी. पण यात एक गंमत असते. त्याच्या अंगात धातूच्या मळीचे बारीक बारीक धागे असतात, लाकडातल्या शिरांसारखे. म्हणून ते चिवट. वाकेल, ताणेल, पण बिडासारखे फटकन तुटणार नाही. भट्टीत पांढरे फटफटीत तापवून दोन तुकडे एकावर एक ठेवले आणि घण घातला की ते असे एकजीव होतात, की सांधा शोधून सापडत नाही. त्याला पाणी दिले तरी ते कडक होत नाही, म्हणून त्याची धार टिकत नाही. जुना लोहार काय करायचा? कुऱ्हाडीचे अंग घडीव लोखंडाचे आणि तोंडाला पोलादाचा तुकडा. टाकणखार किंवा बारीक वाळू टाकून दोन्ही भट्टीत जोडायचे. अंग चिवट, तोंड कडक. दगडावर बसली तरी कुऱ्हाड फुटत नसे. "कुऱ्हाडीला पोलाद भरून आण" असे आपले आजोबा म्हणत, त्याचा अर्थ हा.

हे घडीव लोखंड होत कसे असे? ऊस पिकवणाऱ्यांना सांगायला सोपे आहे. रस उकळताना वर मळी येते, ती काढली तरच गूळ चांगला होतो. लोखंडाचेही तसेच. मातीची भट्टी, तिच्यात लोखंडाचा दगड आणि लाकडी कोळसा यांचे थर, खालून भात्याची हवा. या भट्टीत लोखंड वितळून पाणी होत नसे, तेवढी आच तिच्यात नसे. दगडातले लोखंड सुटे होऊन मळीसकट एक जाळीदार गोळा तयार होई. तो लालभडक गोळा बाहेर काढून घणांनी बडवायचा. बडवताना मळी पिचकाऱ्या मारत बाहेर पडे. पुन्हा तापवायचा, पुन्हा बडवायचा. असे कितीदा तरी केल्यावर जे उरे ते घडीव लोखंड. थोडी मळी आत राहून जाई, आणि बडवून लांबवताना तिचेच धागे होत.

ही विद्या आपल्याकडे काल-परवाची नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड म्हणून गाव आहे. तिथे १९७८ ते १९८० च्या सुमारास उत्खनन झाले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती सुमारे अडीच हजार वर्षांहून जुनी मानतात. म्हणजे विदर्भातला माणूस तेव्हापासून लोखंड करीत होता. इकडे सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या आसपास, धावड नावाचे लोक तांबड्या दगडातून लोखंड काढीत. धावड म्हणजे लोखंड गाळणारा, असा अर्थ जुन्या मराठी कोशातही दिलेला आहे. इंग्रजी अमलात जंगलावर बंदी आली, कोळसा मिळेना, आणि विलायतेचे स्वस्त लोखंड बंदरात उतरू लागले. त्यांच्या भट्ट्या विझल्या त्या विझल्याच.

दिल्लीला कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. सात मीटरहून उंच, वजन सहा टनांच्या वर, वय सुमारे १,६०० वर्षे. तोही घडीव लोखंडाचा, लहान लहान गोळे तापवून, बडवून, एकाला एक जोडून केलेला. इतकी वर्षे उघड्यावर उभा, पण सडला नाही. संशोधकांनी पाहिले तेव्हा कळले, की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्याच्यामुळे अंगावर गंजाचाच एक पातळ, घट्ट थर बसला आणि त्या थराने आतले लोखंड राखले. शिवाय दिल्लीची हवा कोरडी. म्हणून कोणी सांगितले की घडीव लोखंडाला गंज चढतच नाही, तर ते खरे धरू नका. गंज चढतो. मळीच्या धाग्यांमुळे तो पुष्कळदा सावकाश आत शिरतो, एवढेच.

पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ साली पुरा झाला. तोही घडीव लोखंडाचाच, सुमारे ७,३०० टन. त्याला साधारण दर सात वर्षांनी रंग देतात. ज्यांनी तो बांधला त्यांनाही ठाऊक होते, की रंग थांबला की मनोरा खाली येईल. आपण मात्र गेट एकदा बसवतो आणि नातवंडाच्या लग्नापर्यंत त्याच्याकडे बघत नाही.

मग हे लोखंड गेले कुठे? त्याला मागे टाकले ते पोलादाने. १७८४ साली हेन्री कॉर्ट नावाच्या इंग्रजाने कच्चे लोखंड भट्टीत ढवळून घडीव लोखंड करण्याची रीत काढली, त्यामुळे ते मुबलक झाले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, त्या काळी रूळही घडीव लोखंडाचेच असत. पण भट्टीपुढे उभे राहून ढवळण्याचे काम माणसाला जाळून काढणारे होते, आणि एका वेळी निघणारा माल थोडा. १८५६ साली बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून थोड्या वेळात ढीगभर पोलाद करून दाखवले. तेव्हापासून घडीव लोखंड मागे पडत गेले. आपल्या देशात जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात १९१२ साली पोलाद निघू लागले. १९७० च्या दशकात इंग्लंडात बोल्टनचा घडीव लोखंडाचा शेवटचा कारखाना बंद पडला. आता कोणाला जुन्या इमारतीच्या डागडुजीसाठी हे लोखंड लागले, तर जुनेच गोळा करून पुन्हा तापवून लाटून घेतात. म्हणजे बघा, ज्या वस्तूला आपण भंगार म्हणतो, तिच्यासाठी तिकडे लोक शोधाशोध करतात.

आता येऊ पिशवीतल्या साखळीकडे.

साखळी बाहेर काढली तसा पोराने कामाचे हातमोजे काढले आणि ती हातात घेऊन उन्हात धरली. म्हणाला, "गुरुजी, हे बघा." कडीचा जो भाग गंजून झिजला होता, तिथे गंज सपाट नव्हता. जुन्या लाकडी खांबावर पावसाने जशा उभ्या रेघा उठतात, तशा रेघा लोखंडावर उठल्या होत्या. ही पहिली खूण. मऊ पोलाद गंजले की त्याच्या खपल्या निघतात, खड्डे पडतात, पण अशा शिरा दिसत नाहीत.

मग त्याने ग्राइंडर लावला. आधी गेटच्या उरलेल्या सळईवर. ठिणग्या पांढरट, लांब, आणि मध्ये मध्ये त्यांना फाटे फुटत होते. मग एका जुन्या कानशीवर, म्हणजे कडक पोलादावर. फुलबाजीसारखे भरगच्च तारे उडाले. मग बिडाच्या तुकड्यावर. ठिणग्या आखूड आणि लालसर. आणि शेवटी साखळीवर. लांब, सरळ, वाळल्या कडब्याच्या रंगाच्या रेषा, फाटे जवळजवळ नाहीतच. "बाबा असेच ओळखायचे," तो म्हणाला, "फक्त त्यांना ग्राइंडर लागत नव्हता, सहाणेवर भागायचे."

शेवटची परीक्षा. साखळीची कडी अर्धी करवतीने कापली आणि शिकंज्यात धरून घावाने वाकवली. पोलाद असते तर तुटलेली जागा दाणेदार दिसली असती. ही कडी हिरव्या फोकासारखी चिरफाळत गेली, दोरे दोरे सुटले. गाळ्यातली दोन-चार पोरे भोवती जमली. त्यांनी आयुष्यभर लोखंड कापले, पण लोखंडाला शिरा असतात हे पहिल्यांदाच पाहिले.

पोराने ती कडी फेकून दिली नाही. फडक्यात गुंडाळून खिशात ठेवली. म्हणाला, "बाबांना दाखवीन."

मंडळी, इथे माझी एक चूक सांगतो. माझ्या वडिलांची गाडी होती. ते गेल्यावर गाडी परड्यात पडून राहिली. लाकूड वाळवीने खाल्ले. एक दिवस भंगारवाला आला, मी चाकांच्या धावा काढून दिल्या. तराजूत टाकल्या, पैसे घेतले, झाले. त्या कशाच्या होत्या हे मी पाहिले नाही, पाहायचे असते हेही मला ठाऊक नव्हते. धाव बसवतानाचा दिवस मात्र आठवतो. चाकाच्या घेरापेक्षा धाव किंचित लहान करायची. गोवऱ्यांचे रिंगण पेटवून त्यात ती लाल करायची. चौदा फुटांचा घेर तापला की सुमारे इंचभर वाढतो. मग सांडशीने तिघा-चौघांनी उचलून चाकावर चढवायची, ठोकायची, आणि लगेच पाणी. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि आकसणारी धाव आरे आणि तुंबा यांना अशी आवळून घ्यायची, की चाक करकर वाजायचे. खिळा नाही, डिंक नाही. वडील म्हणायचे, चाक आता बोलले. ती धाव मी किलोवर विकली.

म्हणून ताईंना आणि तुम्हा सर्वांना सांगणे असे. सगळे जुने लोखंड घडीवच असते असे नाही. विसावे शतक उजाडल्यावर बाजारात मऊ पोलादच जास्त येऊ लागले, त्यामुळे आजोबांनी केलेली गाडी असेल तर तिची धाव बहुधा पोलादाचीच निघेल. पण पणजोबांच्या वेळची गाडी, जुन्या वाड्याच्या दरवाज्याचे मोठे खिळे, कडी-कोयंडे, साखळ्या, बिजागऱ्या, खिडक्यांचे ठोकून केलेले गज, यांत घडीव लोखंड निघण्याचा संभव मोठा. भंगारवाल्याच्या तराजूत मात्र पणजोबांची साखळी आणि परवाचा वाकलेला अँगल एकाच भावाने जातात. त्याचा दोष नाही, त्याचा धंदा वजनाचा. ओळखण्याचे काम आपले. द्यायच्या आधी रेघा बघा, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडरवर एक ठिणगी पाडून बघा. मग द्यायचे तर खुशाल द्या, पण जाणून द्या.

ठेवायचे ठरवले तर नुसते ढीग करून ठेवू नका. तारेच्या ब्रशाने सुटा गंज काढा, घासलेटच्या फडक्याने पुसा, उन्हात तापू द्या आणि जवसाचे तेल चोळा. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, पुन्हा तेलाचा हात. खताच्या पोत्यांजवळ आणि गोठ्याच्या मुताऱ्यांजवळ लोखंड ठेवू नका. खताचे आणि गोमूत्राचे क्षार लोखंडाला लवकर खातात. कोकणातल्या मंडळींनी खाऱ्या वाऱ्यामुळे तेल दोनदा लावावे.

आणि गेट घ्यायचेच असेल, साकीनाक्याचे असो की तालुक्याचे, तर या गोष्टी विचारा.

एक. नाव विचारू नका, माल विचारा. सळई भरीव आहे की पाइप पोकळ? पत्रा किती जाड? दिसायला दोन्ही सारखी, पण पोकळ गेट आतून गंजते आणि ते बाहेर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. पाइपच असेल तर वरची तोंडे बंद आणि खाली पाणी निघून जायला लहान भोक हवे.

दोन. वजन करून घ्या, आणि वजन पावतीवर लिहून घ्या. मजुरी वेगळी, मालाची किंमत वेगळी मांडायला सांगा.

तीन. रंग देण्याआधी बघायला जा. रंगाखाली सगळे झाकते. वेल्डिंग सांध्याच्या चारी बाजूंनी आहे की नुसते दोन टिपके दिले आहेत, ते पाहा. गंज पुरता काढून आधी रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर तेली रंगाचे दोन हात, असा ठराव करा.

चार. गेट जमिनीला टेकता कामा नये. खालून चार बोटे मोकळे असू द्या. मातीत रुतलेले लोखंड आधी जाते.

पाच. वेल्डिंग चालू असताना पोरांना गंमत म्हणून बघू देऊ नका. तो उजेड नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन पोर रडत बसते. वेल्डिंग करणाऱ्यानेही काचेशिवाय हात घालू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवर वेल्डिंग करायचे तर ते उघड्या हवेत करावे, त्या धुराने ताप भरतो.

आता दोन शब्द ज्यांची मुले अशा गाळ्यांत कामाला आहेत त्यांच्यासाठी. आपल्या गावांतून पुष्कळ पोरे या कामाला जातात. मुलगा पगार किती म्हणतो ते आपण विचारतो, पण झोपतो कुठे ते विचारीत नाही. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे याच खैरानी रोडवर एका दुकानाच्या गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. तो गाळा लोखंडकामाचा नव्हता, पण जिथे काम तिथेच झोप ही रीत सगळीकडची. दिवाळीला मुलगा घरी आला की त्याला विचारा, रात्री बाहेर पडायला दुसरे दार आहे का? डोळ्यांवर काच लावतोस का? हे विचारणे म्हणजे लाड नव्हे.

गाळ्यातून निघताना मी पोराला म्हटले, "तुझ्या बापाच्या हाताला जे येत होते, ते तुला येते का?"

त्याने थोडा वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाला, "गुरुजी, भट्टीतला सांधा येतो. बाबांनी शिकवला होता. पण इथे कोण मागतो? वेल्डिंगने पाच मिनिटांत होते. इथे मोराला मागणी." आणि थोडे थांबून, "गावाकडे कोणी मागितला तर मात्र करीन."

मला ताईंच्या पत्राचे उत्तर तिथेच मिळाले. दुसऱ्या दिवशी त्यांना लिहिले ते असे. गेट मऊ पोलादाचेच करा, त्यात कमीपणा नाही, पण नावाचे पैसे देऊ नका. साधे, भरीव सळयांचे, वजनावर. मोर नकोत. वाड्याचे जुने गज चांगले निघाले तर गेटाच्या मधल्या पट्ट्यांत तेच बसवा, तेवढी नवी सळई वाचेल. कडी-कोयंडा मात्र वाड्याचाच लावा. साखळीची जी कडी आम्ही तपासायला तोडली, तिच्या जागी नवी कडी भट्टीत जोडून द्यायला हा पोरगा दिवाळीत येतो म्हणाला आहे. त्याच्या वडिलांचा भाता अजून माळ्यावर आहे. गाडीची लाकडे गेली असतील तर जाऊ द्या, पण धाव काढून ठिणगी बघा आणि मग ठरवा.

ताईंच्या मुलाने खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून उलट टपाली पाठवल्या. "गुरुजी, धावेची ठिणगी पाहिली. सरळ गेली. गाडी विकत नाही. गेटाचे माप सोबत पाठवतो, तुमच्या विद्यार्थ्याला द्यावे."

माप मी साकीनाक्याला पोचते केले आहे.

मंडळी, लोहार हा आपल्या बलुतेदारांतला एक. फाळ शेवटून देणारा, विळ्याला पाणी देणारा. रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणारे घिसाडीही तेच काम करतात, आणि त्यांच्या बायका ज्या ताकदीने घण चालवतात ती पाहून आपण गप्प होतो. या लोकांच्या हातातली विद्या पुस्तकात थोडी आणि हातात जास्त आहे. तुमच्या गावात भाता अजून चालू असेल, तर या हंगामात एक तरी खुरपे दुकानातून न आणता त्याच्याकडून करून घ्या. आणि घरातल्या पोराला सोबत न्या. लोखंड तापल्यावर कसे दिसते ते त्याने एकदा बघावे.

तुमच्या परड्यात, माळ्यावर, विहिरीच्या काठी काय काय जुने लोखंड आहे, आणि त्याची ठिणगी कशी पडली, ते जरूर कळवा.

तुमचा,
गुरुजी